जुन्या जीपगाड्यांचे संकलन आणि पुनरुज्जीवन

जुन्या जीपगाड्यांचे संकलन आणि पुनरुज्जीवन हा जुनी वाहने जतन करण्याच्या छंदाचा एक उपप्रकार आहे. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारी जुनी वाहने मिळवणे, ती दुरुस्त करून शक्य तितक्या मूळ स्वरूपात आणणे व चालती ठेवणे, तसेच त्यांच्याशी निगडित पुस्तिका, पाट्या, अवजारे, जाहिराती व छायाचित्रे जतन करणे यांचा त्यात समावेश होतो. भारतात या छंदाच्या केंद्रस्थानी जीप आहे. तिच्या भारतीय निर्मितीचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला. मुंबईतील माझगाव व कांदिवली, तसेच नाशिक व इगतपुरी ही त्या इतिहासातील महत्त्वाची ठिकाणे आहेत. भंडारा जिल्ह्यासारख्या जंगल, खाणी, तलाव व धानशेतीच्या प्रदेशात जीप ही दीर्घकाळ कामाची गाडी होती. त्यामुळे तेथे उरलेल्या जुन्या गाड्यांना वाहन म्हणून आणि स्थानिक इतिहासाचे साधन म्हणूनही महत्त्व आहे.

व्याख्या आणि व्याप्ती

मराठी बोलीत ‘जीप’ हा शब्द कोणत्याही उघड्या, उंच व दणकट गाडीसाठी सरसकट वापरला जातो. काटेकोर अर्थाने जीप म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेली हलकी चारचाकी आणि तिच्यापासून पुढे विकसित झालेली नागरी वाहने. नावाच्या उगमाविषयी एकमत नाही. सैन्यातील ‘जीपी’ या संक्षेपावरून ते आले, असे एक मत आहे. १९३६ मध्ये पॉपाय या व्यंगचित्रमालिकेत आलेल्या ‘यूजीन द जीप’ या प्राण्यावरून ते आले, असे दुसरे मत आहे.

संग्राहकांच्या दृष्टीने या विषयात पुढील वाहने येतात: विलीज एमबी व फोर्ड जीपीडब्ल्यू या युद्धकालीन जीप, सीजे-२ए, सीजे-३ए व सीजे-३बी या नागरी जीप, महिंद्रा कंपनीने भारतात बनवलेल्या त्यांच्या आवृत्त्या, जबलपूरच्या वाहन निर्माणीत तयार झालेली जोंगा, ब्रिटिश लँड रोव्हरची सुरुवातीची मालिका, आणि आता जुन्या होत चाललेल्या मारुती जिप्सीसारख्या गाड्या.

‘जुनी’, ‘क्लासिक’ व ‘व्हिंटेज’ हे शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जातात. भारतीय मोटार वाहन नियमांत मात्र ‘व्हिंटेज’ या शब्दाला निश्चित अर्थ आहे. तो खाली ‘कायदेशीर तरतुदी’ या विभागात दिला आहे.

इतिहास

युद्धकालीन उगम

१९४० मध्ये अमेरिकी सैन्याने टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांवर चालणारी गाडी बनवण्याकरिता १३५ उत्पादकांकडून प्रस्ताव मागवले. पहिला नमुना सादर करण्यासाठी केवळ ४९ दिवसांची मुदत होती. अमेरिकन बँटम या लहान कंपनीने अभियंता कार्ल प्रोब्स्ट यांच्या आराखड्यावरून नमुना तयार केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी तो सैन्याच्या हवाली केला. पुढे विलीज-ओव्हरलँड व फोर्ड यांनीही आपापले नमुने दिले. विलीजचे इंजिन अधिक शक्तिशाली होते. त्यामुळे विलीजचा आराखडा प्रमाण मानला गेला आणि वाढती गरज भागवण्यासाठी फोर्डनेही त्याच आराखड्यावर गाड्या बनवल्या. दोन्ही कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या.

विलीज एमबीमध्ये ‘गो-डेव्हिल’ नावाचे २,१९९ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन होते. त्याची शक्ती ६० अश्वशक्ती होती. पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर ८० इंच, म्हणजे २,०३२ मिलिमीटर होते. हे अंतर पुढील अनेक नागरी जीपमध्येही कायम राहिले.

चीन-ब्रह्मदेश-भारत या युद्धक्षेत्रामुळे जीप भारतात मोठ्या संख्येने आल्या. युद्धानंतर त्यांपैकी अनेक गाड्या शिल्लक माल म्हणून विकल्या गेल्या आणि खासगी मालकांकडे पोहोचल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या गाजलेल्या आर्थिक वादाचा विषयही जीपच होता. १९४८ मध्ये लंडनमधील भारतीय उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी वापरलेल्या जीप खरेदी करण्याचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. बरीचशी रक्कम आगाऊ दिली गेली, परंतु प्रत्यक्षात १५५ गाड्याच आल्या. हा व्यवहार ‘जीप प्रकरण’ म्हणून ओळखला जातो.

महाराष्ट्रातील निर्मिती

जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे बदलण्यात आले. गो-डेव्हिल इंजिनाचे शिल्पकार बार्नी रूस यांच्याशी के. सी. महिंद्रा यांची अमेरिकेत झालेली भेट जीप भारतात आणण्यास कारणीभूत ठरली, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते.

सुरुवातीला सुट्या भागांच्या स्वरूपात जीप आयात केल्या गेल्या आणि मुंबईतील माझगाव येथे त्यांची जुळणी होऊ लागली. १९५० च्या दशकात सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनू लागले आणि कांदिवली हे उत्पादनाचे मुख्य केंद्र झाले. १९५३ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या सीजे-३बी या प्रतिमानाचे उत्पादन तेथे १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र त्याच घडणीच्या गाड्या त्यानंतरही दीर्घकाळ बनत राहिल्या. भारतीय संग्राहकाला अमेरिकी गाडीच्या तुलनेत सुटे भाग सहज मिळण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

पेट्रोल महागल्यानंतर डिझेल इंजिनांकडे कल वाढला. १९७९ मध्ये महिंद्रा कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या २,११२ घन सेंटिमीटर क्षमतेच्या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. हे इंजिन पुढे एमएम ५४० व इतर अनेक प्रतिमानांत वापरले गेले. ऑक्टोबर २०१० मध्ये आलेल्या ‘थार’ने जीपची मूळ ठेवण नव्या पिढीपर्यंत पोहोचवली.

जोंगा आणि जिप्सी

मध्य प्रदेशातील जबलपूर येथील वाहन निर्माणीत जपानच्या निसान पेट्रोल या गाडीवर आधारित वाहन भारतीय सैन्यासाठी बनवले जात असे. त्याचे ‘जोंगा’ हे नाव जबलपूरमधील आयुध व तोफगाडी निर्माणींच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून आले आहे. जोंगात सहा सिलिंडरांचे, सुमारे चार लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन होते. १९८५ मध्ये मारुती जिप्सी बाजारात आली. वजनाने हलकी असलेली ही गाडी सैन्यात व पोलीस दलात वापरली गेली, तसेच व्याघ्र प्रकल्पांमधील पर्यटनात तिने जीपची जागा घेतली. नागरी ग्राहकांसाठीचे तिचे उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबले.

यंत्ररचना

जुन्या जीपचे वैशिष्ट्य म्हणजे तिची ‘पार्ट-टाइम’ चारचाक-चालन रचना. इंजिनाची शक्ती गीअरपेटीतून ‘ट्रान्सफर केस’ या दुय्यम पेटीत येते. तेथून एक फिरता दांडा मागच्या आसाकडे व दुसरा पुढच्या आसाकडे जातो. नेहमीच्या प्रवासात फक्त मागची चाके गाडी ढकलतात. चिखल, वाळू किंवा चढ आल्यास चालक वेगळ्या दांडीने पुढचा आस जोडतो.

या रचनेत पुढच्या व मागच्या आसांमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारी सोय नसते. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. मऊ जमिनीवर चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर ती घसरू शकत नाहीत, आणि त्यामुळे दांडे व दातेचक्रांवर मोठा ताण येतो. म्हणून जुन्या जीपमध्ये कोरड्या पक्क्या रस्त्यावर पुढचा आस जोडून गाडी चालवू नये, असा नियम आहे.

ट्रान्सफर केसमध्ये ‘लो’ आणि ‘हाय’ असे दोन टप्पे असतात. सीजे मालिकेत लो टप्प्याचे प्रमाण सुमारे २.४६, गीअरपेटीतील पहिल्या गीअरचे सुमारे २.८ आणि आसाचे ५.३८ होते. या तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७ येतो. म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यासाठी इंजिनाला सुमारे ३७ फेरे घ्यावे लागतात. वेग अत्यंत कमी होतो, परंतु चाकावरील जोर तितक्याच पटीने वाढतो. माफक शक्तीचे इंजिन असूनही जीप धानाच्या ओल्या बांधीतून बाहेर पडू शकते, त्याचे कारण या गुणोत्तरात आहे.

ओळख आणि अस्सलपणा

भारतीय छंदिष्टांमध्ये ‘लो बॉनेट’ आणि ‘हाय बॉनेट’ असे दोन ढोबळ गट प्रचलित आहेत. युद्धकालीन जीप, सीजे-२ए व सीजे-३ए यांचे बॉनेट बसके असते. सीजे-३बीमध्ये ‘हरिकेन’ हे अधिक उंच इंजिन बसवल्यामुळे बॉनेट उंच करावे लागले. या इंजिनात आत ओढण्याच्या झडपा वरच्या भागात व बाहेर टाकण्याच्या झडपा ठोकळ्यात असतात, त्यामुळे त्याची उंची वाढली. क्षमता मात्र जुन्या इंजिनाइतकीच राहिली.

ओळखीच्या काही प्रमुख खुणा पुढीलप्रमाणे आहेत:

पुढील जाळी: युद्धकालीन जीपच्या दाबून बनवलेल्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात; नागरी सीजे मालिकेत सात. अगदी सुरुवातीच्या विलीज एमबीमध्ये जाळी लोखंडी पट्ट्या जोडून बनवलेली होती.

दिवे: युद्धकालीन जीपचे पुढचे दिवे लहान व जाळीच्या मागे बसवलेले असतात. ते उलटे वळवून रात्री इंजिनावर प्रकाश पाडता येतो. नागरी जीपचे दिवे मोठे असतात.

समोरची काच: सीजे-२एमध्ये काच दोन भागांत असते, सीजे-३एमध्ये ती अखंड झाली.

मागील झडप: सीजे मालिकेत मागे उघडणारी झडप असते, युद्धकालीन जीपमध्ये ती नसते.

बोल्ट: फोर्डने बनवलेल्या जीपीडब्ल्यूच्या अनेक बोल्टांच्या डोक्यावर व सुट्या भागांवर इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटवलेले असते.

सांगाडा: एमबीच्या सांगाड्याची सर्वांत पुढील आडवी पट्टी नळीच्या आकाराची, तर जीपीडब्ल्यूची उलट्या ‘यू’च्या आकाराची असते.

भारतात एकाच गाडीत अनेक काळांतील भाग एकत्र आलेले दिसतात. युद्धकालीन सांगाड्यावर महिंद्राचा पत्रा, त्यावर ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन आणि तिसऱ्याच गाडीची गीअरपेटी, अशी जोडणी असामान्य नाही. ही जोडणी गरजेतून झालेली असते. पेट्रोल परवडत नव्हते, मूळ भाग मिळत नव्हते आणि गाडी बंद ठेवणे मालकाला शक्य नव्हते. अनेक जीपमधून पुढचा दांडा काढून टाकलेला आढळतो. अशी गाडी बाहेरून जीप दिसली, तरी तिचे चारचाक-चालन बंद असते. खरेदीपूर्व तपासणीत गाडीखाली वाकून दोन्ही दांडे आहेत का, हे पाहणे म्हणूनच आवश्यक मानले जाते.

भंडारा जिल्हा आणि पूर्व विदर्भ

भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे सात तालुके आहेत. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा त्यातून वेगळा झाला. वैनगंगा नदी, माजी मालगुजारी तलाव, धानशेती, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी आणि विस्तृत जंगल ही या भागाची ओळख आहे. पावसाळ्यात कच्चे रस्ते चिखलमय होतात. अशा भूप्रदेशात उंच तळाच्या, चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीची उपयुक्तता उघड आहे.

राज्यभरातील वन, पाटबंधारे, बांधकाम व महसूल यांसारख्या विभागांत जीप हे अनेक दशके क्षेत्रभेटीचे नेहमीचे वाहन होते. सेवेतून बाद झालेली सरकारी वाहने निर्लेखित करून लिलावात विकली जातात. खासगी मालकांकडील अनेक जुन्या जीपचा प्रवास अशाच लिलावातून सुरू झालेला असतो. त्यानंतर त्यांच्या वाट्याला शेतीची वाहतूक किंवा प्रवासी वाहतूक येते. विदर्भात सामायिक प्रवासाच्या अशा गाड्यांना रंगावरून ‘काळी-पिवळी’ म्हणतात; पश्चिम महाराष्ट्रात त्याच सेवेला ‘वडाप’ असे नाव आहे.

जिल्ह्याचा वाहननिर्मितीशी व संरक्षण उत्पादनाशीही संबंध आहे. लाखनी तालुक्यातील गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना आहे, तर जवाहरनगर येथे आयुध निर्माणी आहे. या कारखान्यांत जीप तयार होत नाहीत.

पर्यटनामुळे या विषयाला वर्तमान संदर्भ मिळाला आहे. कोका अभयारण्य भंडारा जिल्ह्यात आहे आणि ते २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पवनी तालुक्याचा काही भाग उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात येतो. जंगलभ्रमंतीसाठी वापरल्या जाणाऱ्या जिप्सी आज कामाच्या गाड्या आहेत. एकेकाळी जीपचेही असेच होते. नोंदी व मूळ भाग आतापासून जपले गेले, तर काही दशकांनी त्यांचा इतिहास लिहिणे सोपे जाईल.

भंडारा जिल्ह्याचा वाहन नोंदणी संकेतांक ‘एमएच-३६’ आहे. ‘एमएच’ने सुरू होणारी पद्धत मोटार वाहन अधिनियम, १९८८ लागू झाल्यानंतरची आहे. त्यापूर्वी तीन इंग्रजी अक्षरे व चार अंक अशी पद्धत होती. त्यामुळे १९६० च्या दशकातील मूळ नोंदणीच्या जीपवर ‘एमएच-३६’ असा क्रमांक आढळल्यास तिची नंतर पुन्हा नोंदणी झाली असली पाहिजे. जुना तीन अक्षरी क्रमांक आणि त्याचे मूळ नोंदणीपुस्तक एकत्र टिकून असणे हा गाडीच्या सलग इतिहासाचा महत्त्वाचा पुरावा मानला जातो.

पुनरुज्जीवनाची प्रक्रिया

नोंद आणि उलगडणी

काम सुरू करण्यापूर्वी गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली जातात. सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहिले जातात. क्रमांक जुळत नसल्यास पुढील खर्च व्यर्थ जाऊ शकतो, म्हणून ही तपासणी खरेदीपूर्वीच करणे इष्ट असते. उलगडताना प्रत्येक भागाला चिठ्ठी लावून तो वेगळ्या डब्यात ठेवला जातो. रंगाचे थर खरवडल्यास खालचा मूळ रंग, सैनिकी खुणा किंवा सरकारी विभागाचे नाव सापडू शकते. हा पुरावा एकदा घासून काढल्यावर परत मिळत नाही.

सांगाडा आणि पत्रा

पूर्व विदर्भातील भरपूर पाऊस व दमट हवेमुळे गंज हा सर्वांत मोठा शत्रू ठरतो. पायाखालचा पत्रा, चाकांवरील कमानी, अवजारांची पेटी आणि सांगाड्यातील पोकळ भाग येथे चिखल साचतो व पत्रा आतून खातो. वरून केवळ रंग व लांबी भरलेली गाडी चांगली दिसते, परंतु गंज आत वाढत राहतो. योग्य पद्धतीत सांगाडा पूर्ण मोकळा करून वाळूच्या माऱ्याने स्वच्छ केला जातो, तडे वेल्डिंगने भरले जातात आणि गंजरोधक अस्तर देऊन मगच रंग दिला जातो. कमानपाटे उलगडून, साफ करून व वंगण देऊन परत बसवले जातात.

इंजिन व इंधन

सिलिंडरची झीज मोजून गरजेप्रमाणे बोअर केले जाते. जुन्या इंजिनांच्या झडपांची बैठक शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात घडवलेली आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये बंद झाली. त्यामुळे इंजिन उघडलेले असतानाच कठीण धातूच्या बैठका बसवण्याचा सल्ला दिला जातो. पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचे वाढलेले प्रमाण हा नवा प्रश्न आहे. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या, पडदे व कॉर्कच्या चकत्या खराब करते. हे भाग इथेनॉल सहन करणाऱ्या साहित्याचे घेणे आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास टाकी रिकामी करणे हे त्यावरील उपाय आहेत. विलीज एमबीमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. म्हणून गळतीकडे दुर्लक्ष करणे धोकादायक ठरते.

ब्रेक आणि विद्युतरचना

जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकसाठी एकच द्रवमार्ग असतो. एका नळीत गळती झाली, तर चारही चाकांचे ब्रेक निकामी होतात. हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागील बाजूस, दांड्यावर काम करतो. त्यामुळे मागचा दांडा काढल्यास हातब्रेकही राहत नाही. मूळ रूप जपण्याचा आग्रह असला, तरी ब्रेकच्या नळ्या, रबरी टोप्या व टायर या बाबतींत नवे भाग वापरण्यावर बहुतेक जाणकारांचे एकमत आहे. युद्धकालीन जीपची विद्युतरचना ६ व्होल्टची होती. अनेक गाड्या पुढे १२ व्होल्टवर बदलल्या गेल्या. हा बदल सोयीचा असला, तरी तो गाडीच्या कागदपत्रांत नोंदवून ठेवावा, अशी संग्राहकांची रीत आहे.

सुटे भाग

दिल्लीतील काश्मिरी गेट व मायापुरी, मुंबईतील चोर बाजार व कुर्ला ही जुन्या सुट्या भागांसाठी परिचित ठिकाणे आहेत. हरियाणातील मंडी डबवाली हे जीपच्या बांधणीसाठी ओळखले जाते. भंडारा येथून सुमारे ६० किलोमीटरवर असलेले नागपूर हे जवळचे मोठे शहर आहे. न मिळणारे भाग लेथवर करून घेता येतात. त्यामुळे नामांकित वर्कशॉपइतकेच जुन्या मिस्त्रींचे हातही या छंदाला आवश्यक आहेत. कार्ब्युरेटर कानाने जुळवणारे, दातेचक्रांतील अंतर हाताने ओळखणारे कारागीर कमी होत आहेत, आणि त्यांचे ज्ञान बहुतांशी लिहून ठेवलेले नाही.

स्मृतिवस्तू

गाडी ठेवण्यास जागा किंवा पैसा नसलेले अनेक जण संबंधित वस्तूंचा संग्रह करतात. त्यात चालकपुस्तिका व दुरुस्तीपुस्तिका, सुट्या भागांच्या सूची, डॅशबोर्डवरील गीअर व वेगमर्यादेच्या धातूच्या पाट्या, मूळ अवजारसंच, जॅक, इंधनाचे जेरीकॅन, जुन्या जाहिराती, विक्रीच्या पावत्या व खेळण्यातील प्रतिकृती यांचा समावेश होतो. अमेरिकी सैन्याची टीएम ९-८०३ ही विलीज व फोर्ड जीपची पुस्तिका आजही दुरुस्तीसाठी प्रमाण मानली जाते.

हिंदी चित्रपटांनीही जीपची प्रतिमा घडवली. ‘आराधना’ (१९६९) या चित्रपटातील आगगाडीशेजारून धावणारी उघडी जीप हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने कौटुंबिक छायाचित्रे विशेष मोलाची असतात. लग्नाची वरात, निवडणुकीचा प्रचार, पूर, शिबिर किंवा धरणाचे काम यांच्या छायाचित्रांत जीप अनेकदा पार्श्वभूमीला दिसते. छायाचित्रामागे साल, गाव व गाडीचा क्रमांक लिहून ठेवल्यास ते पुराव्याच्या योग्यतेचे होते.

कायदेशीर तरतुदी

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. तिच्यातील प्रमुख मुद्दे असे आहेत:

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली व सांगाडा, सांगाड्यावरील बांधणी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली बिगरव्यावसायिक दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ ठरतात.

नव्याने नोंदणी होणाऱ्या अशा वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या संकेतांकानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीपासून नोंदणी असलेल्या वाहनाला जुना क्रमांक कायम ठेवता येतो.

नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये व पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क नियमांत दिले आहे. नोंदणीची मुदत १० वर्षे आहे.

असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाही.

या व्याख्येचा जीपच्या संग्राहकांवर थेट परिणाम होतो. मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलेली गाडी ५० वर्षांची असली, तरी ‘मूळ स्वरूपात’ राहत नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही भूमिका स्पष्ट केली. भंगारातील भाग जोडून बनवलेल्या व नोंदणी नसलेल्या जीप सार्वजनिक रस्त्यावर चालवणे बेकायदेशीर आहे.

५० वर्षांपेक्षा कमी वयाच्या खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून नूतनीकृत करावी लागते आणि महाराष्ट्रात अशा वाहनांवर पर्यावरण कर आकारला जातो. परिणामी, १९८० व १९९० च्या दशकांतील जीप कचाट्यात सापडतात. व्हिंटेजचे संरक्षण मिळण्याइतक्या त्या जुन्या नाहीत आणि किफायतशीर वापराइतक्या नव्याही नाहीत. भंगारात जाण्याचा धोका याच गाड्यांना सर्वाधिक आहे.

वापर, मेळावे आणि संग्रहालये

संग्राहकांच्या फेऱ्या, प्रदर्शने व खडतर मार्गावरील चालनस्पर्धा हे छंदाचे सामाजिक अंग आहे. महिंद्रा कंपनीचा ‘ग्रेट एस्केप’ हा उपक्रम आणि इगतपुरीजवळील खडतर मार्गावरील चालनाचे प्रशिक्षण केंद्र ही महाराष्ट्राशी संबंधित उदाहरणे आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील १९९४ मध्ये सुरू झालेले कॅव्हलरी टँक म्युझियम सैनिकी वाहनांच्या अभ्यासकांसाठी महत्त्वाचे आहे.

वापरातून जतन होण्याचे उल्लेखनीय भारतीय उदाहरण पश्चिम बंगालमधील आहे. दार्जिलिंग परिसरातील मानेभंज्यांग ते संदकफू या चढाच्या मार्गावर १९५० च्या दशकातील लँड रोव्हर पर्यटकांची ने-आण करत आल्या आहेत. तेथे दुरुस्तीचे कौशल्य चालकांच्या कुटुंबांतच टिकून राहिले.

जंगलात जुनी जीप नेण्याचे आकर्षण मोठे असले, तरी अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीने व ठरलेल्या मार्गानेच फिरता येते. मार्ग सोडणे, नदीपात्रात गाडी घालणे किंवा पाण्यात तेल सांडणे यामुळे वन्यजीवांच्या अधिवासाची हानी होते.

मतभेद

पुनरुज्जीवनाविषयी संग्राहकांमध्ये दोन मुख्य मतप्रवाह आहेत. पहिल्या मतानुसार गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी होती तशीच करावी. दुसऱ्या मतानुसार भारतीय जीपचा खरा इतिहास कारखान्यानंतर सुरू होतो. शेतकऱ्याने बसवलेले डिझेल इंजिन, गावच्या लोहाराने घडवलेला पट्टा किंवा ‘काळी-पिवळी’चा रंग हेदेखील तिच्या आयुष्याचे पुरावे आहेत. ते पुसून ऑलिव्ह रंग दिल्यास प्रत्यक्षात कधीही सैन्यात नसलेली गाडी सैनिकी म्हणून मिरवू लागते.

कायदा पहिल्या मताच्या बाजूने झुकतो, कारण व्हिंटेज नोंदणीसाठी मूळ स्वरूप ही अट आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना दुसरे मत अधिक जवळचे वाटते. व्यवहारात अनेक जण मधला मार्ग स्वीकारतात: सुरक्षिततेसाठी आवश्यक भाग नवे, मूळ यंत्ररचना शक्य तितकी जुनी, आणि काढलेल्या प्रत्येक भागाची छायाचित्रासह नोंद. काढलेला भाग फेकून न देता जपल्यास पुढच्या मालकाला वेगळा निर्णय घेण्याची मुभा राहते.

हे सुद्धा पहा

महिंद्रा अँड महिंद्रा
विलीज एमबी
मारुती जिप्सी
भंडारा जिल्हा
नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प
कॅव्हलरी टँक म्युझियम